तिसऱ्या शब्दानंतर

परवा राळेगावच्या बसस्थानकात यवतमाळच्या गाडीची वाट बघत उभा होतो. ऊन चढलं होतं तरी थंडी अंगातून गेली नव्हती. फाटकाशी एका म्हातारीनं चुलीवर मोठं पातेलं चढवलेलं होतं. तिनं झाकण उचललं आणि मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या ओल्या शेंगांची वाफ माझ्यापर्यंत आली. कच्चट, गोडसर, किंचित मातकट असा तो वास. आमच्या भागात हिवाळा म्हणजे हाच वास. घरोघरी सोले निघतात, म्हणजे तुरीचे हिरवे दाणे. मग सोल्यांचा भात, वांग्यात सोले, आणि काहीच सुचलं नाही तर नुसत्या शेंगा उकडून अंगणात बसायचं. मी त्या वासापाशी असा काही थबकलो की मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला आणि चार शब्द सुनावून पुढे गेला. त्याचं काही चुकलं नाही. माझी गाडीही त्या गडबडीत निघून गेली, आणि मी हातात शेंगांचा कागद धरून बाकड्यावर बसून राहिलो.

मला धक्के लवकर बसतात. हा माझा जुना स्वभाव. भौतिकशास्त्र शिकवण्यात हयात गेली, पण रोजच्या शिकवण्यानं माणसाची नजर बोथट होते म्हणतात तसं माझ्या बाबतीत झालं नाही. यवतमाळच्या कॉलेजात शिकत असताना एका दुपारी सरांनी दोन फटींचा प्रयोग सांगितला. एका पडद्याला दोन बारीक फटी आहेत आणि एकेक इलेक्ट्रॉन त्यांच्याकडे सोडलेला आहे. तो कोणत्या फटीतून गेला? डावीतून गेला म्हणावं तर पलीकडे उमटणारी नक्षी जुळत नाही. उजवीतून म्हणावं तरी नाही. अर्धा इकडून, अर्धा तिकडून म्हणावं, तर अर्धा इलेक्ट्रॉन कुणी कधी पाहिलेला नाही. कुठूनच गेला नाही म्हणावं, तर तो पोचला आहे. आणि फटीपाशी पहारा बसवून बघायला जावं, तर नक्षीच मोडते. वर्गातल्या पोरांनी हे वहीत उतरवून घेतलं आणि घंटा झाल्यावर ती डबे खायला गेली. मी मात्र गाडीत बसल्यावर माझ्या गावाचा थांबा मागे टाकून पुढच्या गावापर्यंत गेलो आणि अंधार पडताना रस्त्यानं चालत परतलो. पायाखालची जमीन आहे की नाही, हे मी त्या दिवशी खरोखर दाबून दाबून बघत होतो. तो धक्का मला अजून पचलेला नाही, आणि ज्यांना तो पचतो त्यांचं मला नवल वाटतं.

हे सगळं मी ज्यांना सांगत असे त्या बाई. आमच्या पहिल्या शिक्षिका. केळापूरच्या अलीकडे आमचा बंजाऱ्यांचा तांडा. आजोबांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला, पुढे बैल विकले, जमीन धरली आणि कापूस लावला. आमच्या घरात गोरबोली. मी पहिलीत गेलो तेव्हा मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पुस्तकात आईचं चित्र होतं, बाईंनी विचारलं हे कोण, आणि मी ठणकावून सांगितलं, "याडी." पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर 'आई' लिहिलं होतं त्याच्या शेजारी 'याडी' लिहिलं आणि हसणाऱ्या पोरांना ते वाचायला लावलं. तेव्हापासून मी त्यांचा. बाई कडक होत्या, तोंडाच्या फटकळ होत्या आणि अंगारेधुपारे करणाऱ्यांच्या तर हात धुऊन मागे लागत. शाळेत त्या पुस्तकी मराठी बोलत आणि शाळेचं कुलूप लावलं की अस्सल वऱ्हाडी. निवृत्तीनंतर त्यांनी राळेगावात घर बांधलं. मी तिथल्याच कॉलेजात शिकवत होतो. मग हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी त्यांच्या अंगणात शेंगांचं टोपलं मधे ठेवून आम्ही बसायचो, आणि मी त्यांना फटींची गोष्ट सांगायचो, त्या मला बुद्धाची.

गोष्ट म्हणजे उपदेश नव्हे. बाई वंदनेच्या वेळी डोळे मिटत, पण विचार करताना ते लख्ख उघडे असत. त्या म्हणत की मन नावाची कुठलीही वस्तू आत बसलेली नाही. एक क्षण उगवतो, मावळतो, मावळताना पुढच्याला ढकलतो, इतकंच. त्या क्षणांचा कुणी मालक नाही. मी एकदा हे ऐकत सोले सोलत होतो, तर माझ्या बोटांकडे बघून म्हणाल्या, "सोलाले बसला तो तू अन् आता टोपलं रिकामं करून राह्यला तो तू, एकच कायवरून?" मी हातातली शेंग खाली ठेवली. खरंच सांगतो, त्या दुपारी मला माझ्याच हाताची भीती वाटली. आणखी एकदा त्यांनी सांगितलं की निर्वाणाला पोचलेला माणूस मेल्यावर असतो का, असं कुणीतरी बुद्धाला विचारलं होतं. असतो असं म्हणता येत नाही. नसतो असंही नाही. असतो आणि नसतो, असंही नाही. दोन्ही नाही, असंही नाही. मी टुणकन उठलो. बाई, हा तर आमचा इलेक्ट्रॉन! चारही प्रश्न तेच आणि चारही उत्तरं तीच! मला वाटलं, बाई चकित होतील. त्यांनी शेंगेचं टरफल माझ्या अंगावर फेकलं. "तुह्या तांड्यातही चुलीवर भाकर होते अन् माह्या घरीही. म्हनून आपली चूल एक झाली का?" मी हिरमुसलो. पण त्यांचं म्हणणं असं होतं की बुद्ध दुःखाबद्दल बोलत होता आणि मी इलेक्ट्रॉनबद्दल, आणि इलेक्ट्रॉनला कुणी मेल्याचं दुःख होत नाही.

बाईंना एकच मुलगी. नवरा लवकर गेलेला, तिला त्यांनी एकटीनं वाढवलं. ती परिचारिका झाली आणि मुकुटबनकडच्या एका दवाखान्यात रुजू होऊन तिथेच खोली घेऊन राहू लागली. आईसारखीच फटकळ, पण हसरी. रोज सकाळी कामावर पोचली की आईला फोन करायची. एका सुटीच्या दिवशी मी बाईंकडे गेलो तेव्हा त्या चिडलेल्या होत्या. सकाळचा फोन आला नव्हता, आणि यांनी केला तर पोरगी उचलत नव्हती. "येऊ दे घरी, मंग पाहतो तिच्याकडं," म्हणत त्यांनी चहा टाकला. त्यातही मला टोमणे मारले, आजकालच्या पोरींना मारले, मोबाइल बनवणाऱ्याला मारले. मी हसत होतो. उन्हं अंगणात आली तेव्हा फोन वाजला. त्या पहाटे दाट धुकं होतं. तुरीच्या वावरातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उधळत रस्त्यावर आली आणि कामावर निघालेल्या पोरीच्या गाडीवर आदळली. मुलगी जागीच गेली होती. म्हणजे बाई चहा टाकत होत्या तेव्हा ती नव्हती. आम्ही तिला नावं ठेवून हसत होतो तेव्हा ती नव्हती.

पेटीत कोंडलेल्या मांजराचा दृष्टान्त तुम्हीही कधीतरी ऐकला असेल. झाकण उघडेपर्यंत ते जिवंतही आणि मेलेलंही. मी तो वर्गात फार रंगवून सांगत असे, पोरं खूश होत. त्या दिवसानंतर मी तो एकदाही सांगितला नाही. परीक्षेला येतो म्हणून पोरांनी विचारलं तर पुस्तकाचं पान दाखवलं आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिलो.

बाई रडल्या नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे गेलेल्याच्या नावानं वंदना घेतात तेव्हा, सतरंज्या कुठे टाकायच्या, आल्यागेल्याला पाणी कुणी द्यायचं, हे सगळं त्याच सांगत होत्या. माझी याडी तांड्यावरून आली होती. आमच्यात बायका मेलेल्याच्या नावानं ओळी रचत, गळ्यात गळा घालून रडतात. तसं रडायला म्हणून ती बाईंच्या जवळ गेली आणि बाईंनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. पुढच्याच रविवारी त्या विहारात वंदना घ्यायला हजर होत्या. लोक म्हणाले, काय धीराची बाई. मलाही तसंच वाटलं. इतकी वर्षं जे सांगितलं ते त्या जगून दाखवताहेत, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

आणि मग दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. "उद्या यवतमाळले जाचं हाय. चाल संगं."

"कायले, बाई?"

"तिले भेटाले."

मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. बायकोनं विचारलं, कोण गेलं? माझ्या चेहऱ्यावरून तिला तेच वाटलं असावं. मला खरोखर तसंच झालं होतं. झालं होतं असं की बाईंच्या पुण्याच्या भाच्यानं त्यांना एक व्हिडिओ पाठवला होता. चैतन्य नष्ट होत नाही हे क्वांटम विज्ञानानं सिद्ध केलं आहे, आपलं गेलेलं माणूस वेगळ्या कंपनात आपल्या शेजारीच असतं, ते अनुभवायचं असेल तर शिबिराला या. ते शिबिर यवतमाळच्या एका मंगल कार्यालयात भरणार होतं. अंगात येणाऱ्या बायांना भर चौकात प्रश्न विचारून पळवून लावणाऱ्या माझ्या बाई त्या शिबिराला निघाल्या होत्या. माझ्या रागाला पारावार राहिला नाही. राग त्या भाच्याचा, त्या शिबिरवाल्याचा, आणि आमच्या शास्त्राचाही, की त्यानं असले शब्द उघड्यावर ठेवले म्हणून कुणीही उचलून नेतं.

कळंबच्या पुढे गाडी जरा रिकामी झाली तसं मी बोललो. रात्रभर घोकून ठेवलं होतं. इलेक्ट्रॉनच्या जगात जे चालतं ते आपल्या हाडामांसाच्या जगापर्यंत पोचत नाही, वाटेतच पुसलं जातं. निरीक्षण म्हणजे कुणा माणसाचं प्रेमानं बघणं नव्हे, तिथे यंत्राचा साधा धक्काही पुरतो. चैतन्य टिकतं असं आमच्या कुठल्याही समीकरणात नाही. हे सगळं एका दमात सांगून शेवटी म्हणालो, "बाई, ते खोटं आहे."

खिडकीबाहेर कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची वावरं पळत होती. बाई तिकडे बघत म्हणाल्या, "माहीत हाय मले. तुह्यापेक्षा आधी माहीत हाय."

"मंग?"

"खोट्यात तरी भेटन का, ते पाहतो."

खोट्याला खोटं म्हटलं की ते गळून पडतं, अशी माझी समजूत. समोरच्या माणसाला ते खोटं आहे हे आधीच ठाऊक असेल आणि तरीही तो तिकडे निघाला असेल, तर त्याला थांबवायला शास्त्राकडे काय आहे? काही नाही. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, माझ्याकडे न बघता. "त्या दिवशी मी चिडली होती ना? फोन काहून उचलत नाही म्हनून. तू होता तिथं. ते त पहाटेच गेली होती. मंग मले सांग, मी चिडली कोनावर?"

ज्या मुलीवर त्या रागावल्या होत्या ती त्या वेळी कुठेच नव्हती. पण राग तर खरा होता, चहाच्या भांड्याच्या आपटण्यात तो मी ऐकला होता. ज्याला आपण माणूस म्हणतो त्याचा केवढा भाग त्या माणसात असतो आणि केवढा आपल्यात? बाई हे मला अंगणात बसून वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या आणि मी मान डोलावत आलो होतो. त्या गाडीत ते पहिल्यांदा माझ्या अंगावर कोसळलं.

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. मंचावरचा गृहस्थ देखणा होता, आवाजही गोड. कॉलरला माइक लावून तो इकडून तिकडे फिरत बोलत होता. क्वांटम, निरीक्षक, कंपन, शून्य. ज्या शब्दांशी माझं अर्धं आयुष्य झटण्यात गेलं ते तो अक्षता उधळाव्या तसे उधळत होता आणि दर थोड्या वेळानं म्हणत होता, बुद्धानंही हेच सांगितलं आहे. मी उठून काहीतरी बोलणार, असं बाईंना वाटलं असावं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, शाळेत ठेवत तसा. मग त्यानं दिवे मंद करायला लावले आणि म्हणाला, डोळे मिटा. तुमचं माणूस समोर उभं आहे. त्याला त्याच्या घरातल्या नावानं हाक मारा, जे फक्त तुमचं होतं. मोठ्यानं मारा. मग शांत राहा आणि ऐका.

आधी कुणीच बोललं नाही. मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "सोन्या." त्यानंतर बांध फुटला. छकुली, बाळ्या, दादू, माई, राजा, चिमणे, बापू. सगळं सभागृह हाका मारू लागलं. कुणी कुजबुजत, कुणी टाहो फोडून. माझ्या शेजारचा जाडजूड माणूस, ज्यानं आल्यापासून खुर्चीवरून दोनदा भांडण काढलं होतं, तो लहान पोरासारखा "आबा, आबा" म्हणत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला. एवढी नावं! गावच्या कुठल्याही दप्तरात नसलेली, कुणाच्या तरी घरातच वापरलेली नावं त्या छताखाली एकदम उडाली होती, आणि त्यांतल्या एकालाही ओ येत नव्हती. मी बाईंकडे बघितलं. त्यांचे ओठ उघडले होते. श्वास आत घेतलेला दिसत होता. मला वाटलं, आता हाक येणार. ती आली नाही. त्यांनी तोंड मिटलं, पिशवी उचलली आणि गुडघ्यांना धक्के देत, त्या रडणाऱ्या रांगेतून वाट काढत त्या बाहेर पडल्या.

बाहेर पायरीवर बसल्या होत्या. ऊन तोंडावर घेत. मी शेजारी बसलो. बाई म्हणाल्या, "तिचं नाव आत्ता होतं."

मला वाटलं, भ्रमल्या. मला तिचं नाव ठाऊक होतं, ते हे नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. लहानपणी पोरगी कामाची चुकार. काही सांगितलं की 'आत्ता करतो' म्हणायची आणि बसून राहायची. घरात तिचं नावच पडलं, आत्ता. आत्ता कुठं गेली, आत्ताले जेवाले बोलवा. बाई तेव्हाही रविवारी विहारात मुलांची वंदना घेत आणि ती झाली की त्यांच्याकडून तीन शब्द मोठ्यानं म्हणवून घेत. अनिच्च, म्हणजे काहीच टिकत नाही. दुक्ख. आणि तिसरा अनत्ता, म्हणजे आत कुणी मालक नाही, 'मी' म्हणून कुणी नाही. "तिले वाटे मी हजेरीच घेऊन राह्यली," बाई म्हणाल्या. "अनिच्च नावाची एक पोरगी. दुक्ख नावाची एक पोरगी. मंग अनत्ता म्हनलं की तिले ऐकू ये, अन् आत्ता. आपली पाळी आली की उभी राहे अन् ओरडे, हजर!"

आत कुणी नाही, असं सांगणारा तो शब्द. अडीच हजार वर्षं लोक त्यावर डोकं फोडताहेत. आणि एक पोर दर रविवारी फ्रॉक सावरत उठून त्याला ओ देत होतं, हजर.

"तुम्ही सांगतलं नाही तिले?"

"कायले सांगू? मोठी झाली की समजनच. समजलं तिले. मंग लाजली अन् बंद केलं. मले मात्र सवय लागली, त्या शब्दानंतर थांबाची."

तो थांबा मला ठाऊक होता. मी सणासुदीला बाईंसोबत विहारात जात असे. तिसरा शब्द म्हणून झाला की बाई क्षणभर थांबत आणि मगच पुढे जात. पोरं चुळबुळ करत, पण त्यांची तीच रीत. मी त्या थांब्यावर भाळलो होतो. 'मी' विरून जातो त्याची ती शांतता, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. एका भाषणातही म्हणालो होतो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती शांतता कसली? एक आई आपल्या पोरीला हजेरी द्यायला वेळ देत होती. पोरगी मोठी झाली, नोकरीला लागली, गेली, तरी देत होती.

"इथं काहून नाही घेतलं नाव?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"मी हाक मारली असती अन् तो म्हनला असता, पाहा, आली." बाईंचा आवाज चढला, जुना, वर्गातला. "दुसऱ्यानं लावलेली हजेरी मी कधी चालू देल्ली का रे? एवढी वर्षं शाळा केली. तिथं विहारात कोनी बोलत नाही. म्हनजे गैरहजर. खरं हाय ते." आणि मग त्या रडल्या. पायरीवर, भर उन्हात, येणाऱ्या जाणाऱ्यांच्या देखत, पदर तोंडाला न लावता. मी याडीसारखं रडणारा माणूस नव्हे, पण मीही रडलो. आतून अजून हाका ऐकू येत होत्या.

त्यानंतर शिबिराचा विषय त्यांनी काढला नाही, आणि भाच्याला काय सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही. हिवाळे येत राहिले, शेंगा आल्या, आम्ही अंगणात बसत राहिलो. मी एकदा त्यांना सांगितलं की आमच्या समीकरणांत काळासाठी एक अक्षर असतं, पण त्यात 'आत्ता' कुठे आहे ते कुणाला सापडलेलं नाही. समीकरणाला कालचा दिवस आणि उद्याचा दिवस सारखाच. चालू क्षणावर बोट ठेवायची सोयच आमच्याकडे नाही. बोलून गेलो आणि जीभ चावली. बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला आश्चर्य वाटेल असं खुदकन हसल्या. "कोनाले सापडली ते?" म्हणाल्या. "चुकारच होती."

गेल्या वर्षी पावसाळा सरताना बाई गेल्या. दुपारी जेवून पडल्या आणि उठल्या नाहीत. धक्का बसायचा तो मला बसलाच. वय झालं होतं, असं मला चार जणांनी समजावलं आणि चौघांनाही मी उलट बोललो.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला विहार भरून गेलं होतं. किती पिढ्या शिकवल्या बाईंनी! वंदना एका तरुण शिक्षकानं घेतली. गळा चांगला, उच्चार स्वच्छ. बाईंची आठवण म्हणून त्यानं शेवटी ते तीन शब्द सगळ्यांकडून म्हणवून घेतले. मी मागच्या रांगेत होतो, तांड्यावरचा माणूस, पण मीही म्हणालो. अनिच्च. दुक्ख. तिसरा शब्द सगळ्या विहारानं एका सुरात उच्चारला आणि मी श्वास धरला.

थांबा आला नाही. शेवटचं अक्षर हवेत होतं तोवरच त्यानं माइक जवळ ओढला आणि सांगितलं, जेवणाची सोय मागच्या बाजूला आहे, चपला नीट लावा, फाटकात कुणाची गाडी आडवी आहे ती काढा. लोक गुडघे झटकत उठू लागले. त्यानं काही चूक केली नव्हती. तिथे थांबायचं असतं, हे कुठेच लिहिलेलं नाही. मी मात्र बसून राहिलो. माझ्या आजूबाजूला शेदीडशे माणसं तोच शब्द उच्चारून उठली होती, आणि त्यांतल्या एकाच्याही कानावर तिचं नाव पडलं नव्हतं. ते शब्दात नव्हतंच मुळी. ते बाईंच्या ऐकण्यात होतं, आणि त्या पायरीवर बसलो तेव्हापासून माझ्या.

त्या पोरीच्या ऐकण्यातली ती चूक आता एकट्या माझ्याकडे आहे. मी अधूनमधून रविवारी विहारात जातो, मागे बसतो, आणि सगळे पुढे गेले तरी तिसऱ्या शब्दानंतर थोडा थांबतो. कुणी बोलत नाही. माझ्यामागे तो शब्द नुसता बरोबर उरेल.